उंद्रीची आई आणि तोर्नेत्रेस्कचा दगड

जायचं ठरलं ते आईच्या एका वाक्यामुळे. मार्च महिना होता, चिखलीजवळच्या उंद्री गावी आईकडे गहू निवडणं चाललं होतं आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. पलीकडे मिनी, माझी धाकटी बहीण. ती स्वीडनमध्ये भूशास्त्रात पीएच.डी. करते. पीएच.डी. संपत आली होती आणि तिथल्याच विद्यापीठाने पुढची काही वर्षं काम देऊ केलं होतं. आता एकोणतीस वर्षांच्या बाईला सही करायला कोणाची परवानगी लागते? पण आमच्या मिनीचं असं आहे की आईच्या 'हो'शिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. लहानपणापासूनची खोड.

आईने सूप खाली ठेवलं. "मिने, तू तिथी करतेस तरी काय, ते मले एकदा नीट सांग. इथी बाया इचारतात. मी म्हनतो दगडाचं काम करते, त त्यायले वाटते पोरगी गिट्टीच्या खदानीवर हाय."

(आमच्याकडे बायाही 'मी म्हणतो, मी येतो' असंच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी हसू नये.)

मिनीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दगडात राहिलेले जुने जीव, त्यांचे माग, पन्नास कोटींहून जास्त वर्षं. आईने सगळं ऐकून घेतलं, गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "हे असं फोनवर नाही समजत मले. मी येतो तिथी. दगड दाखव. समजलं त हो म्हनीन. नाही समजलं त सामान बांध आन् चाल घरी. आपल्याकडे का दगड कमी हायेत?"

मिनीचा चेहरा उतरलेला स्क्रीनवरही दिसला. मी मध्येच म्हणाले, "मीपण येते." मला कोणी विचारलं नव्हतं.

माझं कारण वेगळं होतं. मी चिखलीत शाळेत भूगोल शिकवते. वर्षानुवर्षं फळ्यावर तो गाठीगाठीच्या अंगाचा समुद्री प्राणी काढत आले आणि खरा जीवाश्म म्हणून कधी जागेवर पाहिला नाही. आमचा सगळा मुलूख लाव्हा थंड होऊन झालेला. जिकडे बघाल तिकडे काळा पाषाण. लोणारचं विवर आमच्याच जिल्ह्यातलं, ते बघायला जगभरातून लोक येतात, पण दगडात जीव दाखवा म्हटलं तर मला तरी आजवर एकही सापडला नाही. आमच्या ह्यांचं मत पडलं की दगड बघायला इतक्या लांब कोण जातं. मी म्हटलं, तुम्ही मॅच बघायला नागपूरला जाता तेव्हा मी काही विचारते का? विषय संपला.

आता ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. व्हिसासाठी मुंबईला जावं लागलं, आणि ती तयारी तीन-चार महिने आधी सुरू करा, नाहीतर ऐन वेळी तारीख मिळत नाही. तिथे आईच्या बोटांचे ठसे मशीनला सापडेनात. काउंटरवरच्या मुलीने ओला कागद दिला, बोटं पुसायला लावली, दाबून ठेवायला लावली, तरी स्क्रीन कोरीच. आई तिला समजावत होती, "जल्मभर निंदलं-खुरपलं वं माय, ठसे वावरातच रायले." त्या मुलीला वऱ्हाडी कळलं की नाही देव जाणे, पण तिने न चिडता पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि शेवटी काहीतरी उमटलं. शेतात काम केलेलं माणूस सोबत असेल तर त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका.

दुसरं म्हणजे तूप नेता येत नाही. दुधाचा कुठलाच पदार्थ तिकडे चालत नाही, नियम आहे. आईने मिनीसाठी कढवलेल्या तुपाची बरणी भरून ठेवली होती, ती परत फडताळात गेली तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं. मग शेंगदाण्याची चटणी, ठेचा, धपाटे आणि कुरडया असं भरलं. बॅगेत कपड्यांना जागा उरली नाही, तेव्हा मी आवाज चढवला. आईने शांतपणे माझे दोन ड्रेस बाहेर काढले.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून आम्ही जूनची सुरुवात धरली. चिखलीहून एसटीने देऊळगाव राजा, तिथे बालाजीचं दर्शन (आईची अट), तिथून जालना आणि जालन्याहून रेल्वेने मुंबई. एसटीत शेजारच्या सीटवर एक आजोबा होते. आमच्या बॅगा बघून त्यांनी विचारलं, "कुठं चालल्या बाई, येवढं सामान घेऊन?"

"पोरीकडं," आई म्हणाली. "दगड पाहाले."

"लोणारले का?"

"नाही, त्याच्याहून थोडं पुढं."

मी खिडकीकडे तोंड करून हसले. आजोबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "पानी प्याची बाटली ठेवजा सोबत, तिकडं ऊन लय लागते."

विमानाचं फार सांगत नाही. आखातात एकदा बदललं, आईला सीटबेल्ट आवडला नाही आणि जेवण आवडलं. स्टॉकहोमला मिनी न्यायला आली होती. सात-आठ महिन्यांनी भेट. मिनीने मिठी मारली, आईने तिच्या दंडाला हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "वाळली." मिनी आमच्या दोघींहून जाड झालेली होती.

संध्याकाळी उत्तरेकडे जाणारी रात्रीची रेल्वे. हा प्रवास मी कोणालाही डोळे झाकून सुचवीन. झोपायचे डबे आहेत, पण तिकीट खूप आधी काढा. बाहेर जंगल आणि तळी, पुन्हा जंगल आणि तळी, आणि अंधार म्हणून पडत नाही. जसजसं वर जावं तसतसा उजेड वाढतच जातो. आई खिडकीशी बसून होती. तिला सांजवात लावल्याशिवाय चैन पडत नाही. गाडीत दिवा लावता येत नाही हे तिला मान्य होतं, नुसते हात जोडायचे होते, पण सांज तर व्हायला पाहिजे.

"सूर्य बुडते कवा इथी?"

"आई, जिथे चाललो आहोत तिथे ह्या दिवसांत बुडतच नाही."

"मंग जनावरं गोठ्यात कवा येतात?"

मिनीने गोठ्याचा विषय सोडून घड्याळ पुढे केलं. शेवटी ठरलं की उंद्रीच्या घड्याळाने सात वाजले की हात जोडायचे. पुढचे सगळे दिवस तसंच केलं. तिथे तेव्हा दुपार असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबिस्कोला उतरलो. स्टेशन म्हणजे आपल्याकडचा बसथांबा. समोर तोर्नेत्रेस्क, एवढं लांब सरोवर की टोक दिसत नाही, आणि जून असूनही त्यावर अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. पलीकडे डोंगर, अंगावर पांढरे पट्टे. मी तिथेच बॅग टाकून उभी राहिले. इतकं बरं वाटलं की मला शाळेतल्या आख्ख्या नववीला तिथे आणून उभं करावंसं वाटलं. मग थंड वारं आलं आणि नववी विसरून मी कानटोपी शोधायला लागले.

राहायला हॉस्टेल घेतलं होतं, स्वयंपाकघर असलेलं. बाहेर खाणं परवडत नाही. एका कॉफीच्या पैशात चिखलीत चौघांचा पोटभर नाश्ता होईल. तिथे एक कडक, पातळ, भोकाभोकांची भाकरी मिळते, महिनोन्‌महिने टिकणारी. आईने ती वाजवून पाहिली, मोडून पाहिली आणि म्हणाली, "हे वाळलेली भाकर हाय. याचा कुस्करा चांगला होईन." केला. फोडणी देऊन केला आणि फर्मास झाला. त्या वासावर योहान आले. योहान म्हणजे मिनीबरोबर काम करणारे म्हातारे भूशास्त्रज्ञ, त्यांचीच गाडी घेऊन आम्हाला डोंगराकडे जायचं होतं. इंग्रजी हळू आणि मोजकं बोलतात. त्यांना ठेचा दिला. लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, काही बोलले नाहीत, आणि पुन्हा ताट पुढे केलं. आईला माणूस पटला.

रात्री, म्हणजे घड्याळाप्रमाणे रात्री, मिनीने मला समजावून सांगितलं की इथलाच दगड का. पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी हा भाग उत्तर ध्रुवाजवळ नव्हताच. जमीन सरकत सरकत नंतर वर आली. तेव्हा इथे उथळ समुद्र होता, वाळू होती. त्याआधीचे बरेचसे जीव तळावर नुसते पडून असत किंवा वरवर सरपटत. ह्या काळात कोणी खाली शिरायला लागलं, कोणाला पाय फुटले, कोणी चालायला लागलं. ते जीव गेले, पण ओल्या तळावरचे त्यांचे माग वाळूखाली झाकले गेले आणि दगड होऊन राहिले. ग्रीनलंडच्या अगदी उत्तर टोकाला ह्याच काळाचे आणखी सरस थर आहेत, तिथे आख्खे प्राणी मिळतात. पण तिकडे विमानच ठरवून न्यावं लागतं, आपल्यासारख्यांचं काम नाही. तोर्नेत्रेस्कला रेल्वे जाते, हा त्याचा मोठेपणा.

"ताई, तिला दिसेल ना गं?" मिनीने विचारलं. "हो म्हणेल ना?"

"न दिसायला काय झालं? मी आहे ना समजवायला," मी म्हटलं. मला स्वतःवर भारी विश्वास.

तर पुढचे दोन दिवस ढग आणि बुरबुर पाऊस. मिनी खिडकीशी येरझाऱ्या घालत होती. हे माग खूप उथळ असतात, सूर्य तिरका असला की सावली पडून दिसतात, ढगाळ उजेडात सगळं सपाट होतं, असं ती सारखं सांगत होती. आमची परतीची गाडी ठरलेली. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, वारं सुटलं, दगड वाळले, पण ढग काही हलले नाहीत. योहान म्हणाले, आज गेलो नाही तर मग राहिलंच. निघालो.

सरोवराच्या काठाकाठाने मोठा रस्ता जातो, त्याच्या बाजूने रेल्वे, आणि रेल्वेवरून लोखंडाची खनिजमाती भरलेल्या लांबच लांब गाड्या. गाडी एका ठिकाणी लावून पुढे चालत. बुटक्या भूर्ज झाडांचं जंगल, खाली दलदल, तिच्यावर लाकडी फळ्या टाकलेल्या. बूट पाणी न शिरणारे हवेत आणि जूनच्या पुढे गेलात तर डासांचं मलम हवंच. आईने साडीच्या आत लोकरी विजार, पायात मिनीचे जुने बूट, डोक्याला स्कार्फ असा जामानिमा केला होता. आणि चालत होती आमच्या पुढे. मी फळीवरून घसरून एक पाय चिखलात घातला, तर मागे वळून म्हणाली, "वैशे, खाली पाहून चाल." चाळिशीतल्या शिक्षिकेला.

झाडी संपली आणि वाट दगडांतून वर चढायला लागली. तिथे आई एकदम थांबली. बूट काढले, हात जोडले, डोळे मिटले. पुन्हा बूट घातले, चार पावलं गेली, पुन्हा थांबली, पुन्हा बूट. मला वाटलं खडा टोचतोय. योहानना वाटलं बाई दमल्या. त्यांनी पाठपिशवीतून पाणी काढून दिलं.

"आई, काय झालं?"

"काय होते? पायरीवर देव हायेत, चपला घालून कसं जावं?" तिने बोट दाखवलं.

वाटेच्या कडेच्या धोंड्यांना शेंदरी रंगाचा ठिपका होता. तिकडे डोंगरात वाट चुकू नये म्हणून ठरावीक अंतरावर दगडांना असा रंग लावून ठेवतात. आपल्याकडे शेंदूर लावलेला दगड बांधावर दिसला की जे करतात, ते आई प्रत्येक ठिपक्यापाशी करत होती. मिनीने समजावलं. आई म्हणाली, "वाट दाखवते ना तो? मंग देवच झाला की." पण बूट काढणं थांबवलं, नुसता नमस्कार चालू ठेवला. योहानना अर्थ सांगितला तेव्हा ते खदखदून हसले आणि पुढच्या ठिपक्याला त्यांनी टोपी काढली.

कड्याखाली पोचलो. वर थरावर थर रचलेले, खाली निखळून पडलेल्या फरश्या. मिनी त्यातल्या एका मोठ्या, आडव्या फरशीपाशी गेली, हाताने धूळ झटकली आणि गुडघ्यावर बसली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"आई, ही बघ. इथून असा गेलाय माग. सरळ येतो, इथे वळतो, मग असा खाली. दोन्ही बाजूंना बारीक खरडलंय, ते त्याच्या पायांचं."

आई बसली. मी बसले. करड्या रंगाची फरशी. मी चष्मा काढला, पुसला, घातला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, गाल दगडाला टेकवून पाहिलं. मला काही म्हणता काही दिसेना. मिनीने बॅटरी तिरकी धरली, पण त्या पांढऱ्या ढगाळ उजेडात तिचं काही चालत नव्हतं. तिचं बोट त्या रेषेवरून फिरत होतं, आणि रेष फक्त तिच्याच डोळ्यांत होती.

मला रडूच यायला लागलं. इतकी वर्षं शिकवलं, इतक्या लांब आले, दगडावर नाक ठेवून बसले आणि मला दिसत नाही. आणि मला दिसत नाही तर आईला काय दाखवणार? मिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खोटं बोलायचं तरी कोणाशी? ती उभी राहिली आणि सरोवराकडे तोंड करून पाणी प्यायला लागली, नको असताना.

"दिसलं का वं तुले?" आईने मला हळूच विचारलं.

"नाही."

"मलेबी नाही." मग तिने मिनीला हाक मारली. "मिने, इकडं ये. हे काय म्हनलीस तू, पावलं ना?"

"हो. म्हणजे चालल्याच्या खुणा. पायांनी चालण्याच्या सगळ्यात जुन्या खुणांमधल्या. पण जाऊ दे आई, उजेडच नाही आज."

"पयली पावलं."

"हो."

आईने कमरेची पिशवी सोडली. तिच्यात काय असतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. हळदीकुंकवाची पितळी डबी, जी ती गिरणीत जातानाही सोबत नेते. आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने चिमटीने हळद त्या फरशीवर सोडली, शेजारी कुंकू. मग थोडं पुढे, जिथून मिनीचं बोट गेलं होतं तिथे पुन्हा. अगदी महालक्ष्म्यांच्या दिवशी उंबऱ्यापासून आतपर्यंत काढलेल्या पावलांवर ती सोडते तसं.

"आई, थांब." मिनी धावत आली. "अगं इथे काही टाकायचं नसतं, काही लावायचं नसतं. हा अभ्यासाचा दगड आहे."

"पावलं हायेत ना?"

"पण तुला कुठे दिसतायत?"

आईने वर पाहिलंही नाही. "तुले दिसतात ना? तू म्हनतेस हायेत, त हायेत. पावलायले हळदीकुंकू वाह्यल्याशिवाय घरात नाही घेत." आणि पुढची चिमूट सोडली.

मिनी तिच्या शेजारी खाली बसली.

तेवढ्यात सरोवराकडून वाऱ्याचा झोत आला. आईने पदर सावरला. हळद-कुंकू फरशीवरून भुरकन उडालं, योहानच्या पँटवर गेलं, माझ्या चष्म्यावर आलं. मी चष्मा पुसून घातला, खाली पाहिलं, आणि मला दिसलं.

वरची हळद उडून गेली होती, खाचांमध्ये बसलेली राहिली होती. पिवळी बारीक रेष सरळ येत होती, वळत होती, खाली जात होती. दोन्ही बाजूंना नखाने ओरखडल्यासारखे नाजूक ओरखडे, ओळीने, कुंकवाने लाल झालेले. कोणीतरी इथून चालत गेलं होतं. फळ्यावरचं नाही, पुस्तकातलं नाही, खरं कोणीतरी. मी आईचा दंड घट्ट धरला. मला वाटतं मी मोठ्याने हसत होते आणि रडतही होते. लाज वगैरे काही वाटली नाही.

योहान गुडघ्यावर बसले. मग मिनीला म्हणाले, "ह्या दगडांवर हातोडी मारणारे खूप पाहिले. रंगीत पूड वाहणारं कोणी आलं नव्हतं." आणि लगेच, आपलं कर्तव्य आठवल्यासारखं, "फोटो काढ. मग सगळं स्वच्छ धुऊन टाक."

आई रेषेवरून नजर हलवत नव्हती. तिने बोट पुढे केलं, पण दगडाला लावलं नाही, वरूनच फिरवलं.

"हे इकडून आलं?"

"हो."

"सरळ चाललं होतं. मंग इथी वळलं काऊन?"

मिनी म्हणाली, "ते माहीत नाही आई. खायला काही दिसलं असेल, कोणाला घाबरलं असेल. कोणालाच नक्की माहीत नाही. मी तेच शोधते."

आईने डबीचं झाकण लावलं, डबी पिशवीत टाकली, पिशवी कमरेला खोचली. "मंग शोध ना. असं अर्ध्यात टाकून घरी काय येतेस?"

मिनीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती त्या दलदलीच्या, बर्फाच्या, वाऱ्याच्या मुलखात आईच्या मांडीवर डोकं ठेवून अशी रडली की योहान उठून लांब जाऊन डोंगर बघायला लागले.

मग धुणं. मऊ ब्रश आणि पाणी घेऊन आम्ही तिघींनी ती फरशी घासली. कुंकू गेलं, हळद हट्टाची, पिवळी झाक थोडी राहिलीच. मिनीच्या मते चार पावसांत जाईल. गंमत अशी की धुतल्यावरही मला तो माग दिसत होता. एकदा दिसला की दिसलाच. शेजारच्या फरशीवर मला आणखी एक सापडला, माझा मला, कोणी न दाखवता. मी मिनीला हाक मारून खात्री करून घेतली आणि परतताना सगळ्या वाटेने तेच बोलत होते. शेवटी आई म्हणाली, "वैशे, आता खाली पाहून चाल." तरी माझा दुसरा पाय चिखलात गेलाच.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तिथला खडा उचलून आणायचा नाही, आणि आमच्यासारखं काही वाहायचं तर मुळीच नाही. आमच्यासोबत धुऊन घेणारी माणसं होती. ऊन असलेला दिवस मिळेपर्यंत थांबता येईल असे दोन-चार दिवस हाताशी ठेवा. संध्याकाळचं तिरपं ऊन हळदीचं काम करतं, असं मिनी सांगते.

घरी आलो, शाळा उघडली. मुलांना फोटो दाखवले. मागच्या बाकावरून "मॅडम, हळद कुठून आली?" असा प्रश्न आला आणि तो तास भूगोलाचा राहिला नाही. काय उरलं म्हणाल तर ते सरोवर उरलं, तो न बुडणारा सूर्य उरला, आणि आता रस्त्याकडेच्या गिट्टीच्या ढिगापाशीही माझी मान वळते. काळ्या पाषाणात काही मिळायचं नाही हे ठाऊक असून वळते. हे म्हणतात, तुझं काही खरं नाही.

पण खरं काय उरलं ते मला भाद्रपदात कळलं. महालक्ष्म्यांना उंद्रीला गेले होते. घर बायांनी भरलेलं, सोळा भाज्यांचा वास सुटलेला, मिनीचा फोन तांब्याला टेकवून ठेवलेला. आईने तांदळाच्या पिठात मूठ बुडवून उंबऱ्यापासून पावलं उमटवली, बोटांनी अंगठे काढले. आणि मग त्या पावलांच्या शेजारून तिने एका बोटाने एक बारीक रेष काढली. सरळ आली, वळली, खाली गेली. दोन्ही बाजूंना नखाने छोटे छोटे ओरखडे. उठून पाहिलं आणि त्यावर आधी हळदीकुंकू वाहिलं, मग महालक्ष्म्यांच्या पावलांवर.

काकू वाकून बघत म्हणाली, "हे काय वं, गांडुळावानी?"

"हे पयले आलं," आई म्हणाली. "महालक्ष्म्यायच्याबी आधी. पायानं चालाले हेच शिकलं, मंग आपन. आमची मिनी याचाच माग काढते तिथी."

बाया गोळा झाल्या. कोणी बसून पाहिलं, कोणी चिमूटभर हळद सोडली. काकूने त्या वळणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आन् हे इथी वळलं काऊन?"

आईने फोनमधल्या मिनीकडे पाहिलं आणि हळदीची वाटी काकूच्या हातात दिली. "ते अजून नाही समजलं कोनाले," ती म्हणाली. "मिनी पाहून राह्यली."